कूलर घरात आला, आता त्याची निगा

मार्च उलटला की आपल्या जिल्ह्यातली दुपार अंगावर येऊ लागते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पत्र्याखालची दुपार मात्र आहे तशीच आहे. अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर आपला मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. हवा कोरडी आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडणारा. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाला अशा घरात डोळा लागत नाही, आणि अर्धवट झोपेने तो पुन्हा मशीनपुढे उभा राहतो. म्हणून कूलर घेणाऱ्याला कोणी चैनी म्हणू लागले, तर ते आम्हाला मान्य नाही. मात्र आणलेल्या कूलरची निगा राखली पाहिजे.

कूलर गार हवा कशी देतो, हे एकदा समजले की पुढचे सोपे आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते. बर्फासारखे गार असलेले पाच लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याहून जास्त उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना घेऊन जाते. माठातले पाणी याच कारणाने गार राहते. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. कोकणात कूलर निकामी ठरतो आणि नगरला उपयोगी पडतो तो यामुळेच. पण पुष्कळ घरांत दारे-खिडक्या लावून कूलर खोलीच्या मधोमध ठेवतात. तासाभरात सगळी हवा दमट होते, अंग चिकचिकते, आणि मग दोष कूलरला! कूलर खिडकीत किंवा दारात सावलीच्या बाजूला ठेवावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा निघून जाईल.

आता पाणी. नळाचे पाणी नसेल तिथे बोअरचे वापरतात आणि ते बहुतेक जड असते. वाफ उडते, क्षार मागे राहतात. गवतावर पांढरा थर बसतो, वरच्या नळीची भोके बुजतात आणि गवताचा अर्धा भाग कोरडा राहतो. त्या कोरड्या भागातून गरम हवाच आत येते. आठ दिवसांनी टाकीतले सगळे पाणी काढून टाकावे, भोके सुईने मोकळी करावीत, पंपाची जाळी ब्रशने घासावी. क्षार चिकट असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवावा. गवत दर उन्हाळ्याच्या तोंडी नवे घालावे. जुन्या गवताला कुबट वास येत असेल तर त्यावर अत्तर शिंपडून भागत नाही.

मोठा कूलर रात्रीत दोन-तीन हंडे पाणी सहज पितो. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे टँकरची वाट पाहणाऱ्या घरात हे हंडे कोणाच्या डोक्यावरून येतात, हे सांगायला नको. ज्याला वारा हवा त्याने निदान एक हंडा भरावा. काढून टाकलेले पाणी संडासात किंवा ओटा धुवायला वापरावे.

आठ दिवसांची मुदत आम्ही उगाच सांगितली नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देऊ नये, कडा काथ्याने घासाव्यात. आरोग्य खाते ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणते, तो हाच.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट विजेची. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि भोवती उघड्या पायांची मुले. पंपाची वायर कुठे सोलवटली तर करंट पत्र्यात उतरतो. तो जमिनीत जावा म्हणून प्लगला तिसरी जाड पिन असते. घरातल्या बोर्डाला दोनच भोके आहेत म्हणून ही पिन मोडून टाकणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत! मग करंटला जायला वाट राहते ती माणसाच्या अंगातून. पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करून थांबू नये, प्लग काढावा. ओल्या हाताने कूलरला हात लावू नये. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आपली मुरमाड जमीन उन्हाळ्यात सुकली की अर्थिंग कमजोर पडते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. शक्य असेल तर ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी बसवावी. ती करंट गळताच क्षणात वीज तोडते. मुलांचे कपडे घ्यायचे राहिले तर पुढच्या महिन्यात घेता येतील, हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नये.

हेच विहारातल्या कूलरचे. वैशाखी पौर्णिमेला तो दानात येतो, त्यावर दात्याचे नाव ठळक रंगवलेले असते. गवत बदलायचे कोणी, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. पौर्णिमेच्या गर्दीत उपासिका आणि लहान मुले त्याला टेकूनच बसतात. विहार समितीने एका तरुणाकडे हे काम नाव घेऊन सोपवावे.

बिलाचे गणित अवघड नाही. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिट, महिन्याचे साठ. दीड टनाचा एसी चालू असताना सुमारे दीड हजार वॅट ओढतो. घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, हे लक्षात ठेवावे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. देशाची गरिबी हटवायची तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा त्यांचा आग्रह होता. मुबलक झाली, स्वस्ताईची आपण वाट पाहतो आहोत.

आपल्यातल्या काही शिक्षक, बँक कर्मचारी बांधवांनी हप्त्यावर एसी घेतले आहेत. त्यांच्यासाठी थोडे. जाळी महिन्यातून दोनदा पाण्याने धुवावी, बाहेरच्या पेटीपुढे अडगळ ठेवू नये, २४ अंशांवर लावून छताचा पंखा हळू फिरू द्यावा. मेकॅनिक दरवर्षी ‘गॅस संपला’ म्हणत असेल तर सावध राहावे. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो गळतो. आधी गळती शोधायला लावावी, मगच भरायला पैसे द्यावेत.

आणि ज्यांच्याकडे यातले काहीच नाही? त्यांनी पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढरा चुना मारावा, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावावा. २०१० च्या लाटेत माणसे गमावलेल्या अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याची योजना आखली. पुढे तिथल्या झोपडपट्ट्यांतील छपरे पांढरी केली गेली. खर्च चुन्याचा आणि एका रविवारचा. चाळीतल्या पोरांनी मनावर घेतले तर एका रविवारी चार-पाच छपरे होतील.

जूनमध्ये पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर कामाचा राहत नाही. तेव्हा टाकी पुसून कोरडी करावी, गवत काढून टाकावे, पंप सुकवून कापडात गुंडाळावा, पंख्याला तेलाचे दोन थेंब द्यावेत. तळाचा पत्रा गंजला असेल तर घासून आतून डांबर लावावे आणि दोन दिवस उन्हात वाळू द्यावे. ऊन मिळेल तोवरच हे उरकावे.