थिअरी कशाला हवी?

परवा माझी भाची वैतागून म्हणाली, "मामा, ही संवादाची मॉडेलं पाठ करून काय होणार आहे?" ती पत्रकारिता शिकतेय. मला हसू आलं. तिच्या वयाचा असताना मीही हेच म्हणायचो.

आमच्या फळ्यावर क्लॉड शॅननचं १९४८ सालचं मॉडेल असायचं. स्रोत, प्रेषक, वाहिनी, ग्राहक आणि मध्ये गोंगाट. घोकलं, मार्क मिळवले. पुढे एका संस्थेसाठी पाणलोटाच्या कामाची माहितीपत्रकं लिहिली. गावातल्या थोड्यांनीच वाचली, आणि वाचणाऱ्यांनीही काही केलं नाही. मी ठरवून टाकलं, गोंगाट जास्त आहे! अक्षरं मोठी केली, भाषा सोपी केली. फरक शून्य.

यात शॅननचा काय दोष? तारेतून संदेश बिनचूक कसा पोचेल, एवढाच त्याचा प्रश्न होता. अर्थाचा भाग या प्रश्नात येत नाही, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. ते न वाचता मी त्याच्याकडे माणसांचं उत्तर मागत बसलो.

नंतर कधीतरी पुणे आकाशवाणीच्या १९५६ सालच्या प्रयोगाबद्दल वाचलं. युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली होती. कार्यक्रम ऐकायचा, मग बसून त्यावर बोलायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी पाहणी केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत थोडीशीच.

पण अशी दोन प्रकारची गावं शेजारी ठेवून बघावीत, हे सुचतं कसं? ऐकण्यापेक्षा ऐकल्यानंतरच्या बोलण्यात जास्त ताकद असेल, अशी शंका आधी मनात असावी लागते. माझ्या मते थिअरी म्हणजे ही नीट मांडलेली शंका. ती उत्तर देत नाही, कुठे बघायचं ते सांगते. आणि एकीकडे बघायला लावताना दुसरीकडचं झाकतेही. मी पत्रक सुधारत बसलो, पारावर काय बोलणं चालतं ते ऐकायला गेलोच नाही...

भाचीला म्हटलं, प्रत्येक मॉडेलला दोन गोष्टी विचार. तुझा प्रश्न कोणता? आणि तू काय सोडून दिलंस?

"पण परीक्षेत आकृतीच काढायला सांगतात!"

असो. तिचंही खरंच आहे.