काकडीचा बाक आणि नियमांचा युरोप

युरोपातील नोकरशाहीची थट्टा करावयाची झाली की काकडीची आठवण हटकून निघते. वरच्या प्रतीच्या काकडीचा बाक दर दहा सेंटीमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरहून अधिक असू नये, असा नियम युरोपीय समुदायाने १९८८ मध्ये केला. ब्रसेल्सचे बाबू फूटपट्टी घेऊन भाजी मोजतात, हा विनोद ब्रिटिश वृत्तपत्रांना पुढे अनेक वर्षे पुरला. अशाच बातम्यांवर नाव कमावलेले एका दैनिकाचे ब्रसेल्समधील वार्ताहर बोरिस जॉन्सन हे २०२० मध्ये ब्रिटन संघाबाहेर पडला तेव्हा पंतप्रधान होते. विनोदालाही राजकीय किंमत असते ती अशी.

या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. सारख्या बाकाच्या काकड्या खोक्यात ठरावीक संख्येने बसतात आणि दूरचा घाऊक व्यापारी माल न पाहता मागणी नोंदवू शकतो. नियमाची सोय होती ती व्यापाराला. म्हणूनच आयोगाने २६ फळभाज्यांची अशी मानके रद्द करण्याचे ठरवले, तेव्हा अनेक सदस्य देशांनीच विरोध केला. जुलै २००९ पासून वाकडी काकडी मुक्त झाली. पण तिच्यावरचा विनोद आजही निवृत्त झालेला नाही.

मग सामान्य युरोपीय माणसाला जाच होतो तो कोणाचा? बहुतांशी स्वतःच्याच देशाचा आणि नगरपालिकेचा. आयोगाचा कर्मचारीवर्ग सुमारे ३२ हजारांचा. एकट्या मुंबई महापालिकेची आस्थापना याहून कितीतरी मोठी आहे. जर्मनीत नव्या घरी राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ही नोंद नसेल तर पुढचे बहुतेक व्यवहार अडतात. बर्लिनमध्ये मात्र या नोंदणीसाठी कार्यालयाची वेळ मिळण्यासच अनेकदा दोन आठवड्यांहून अधिक काळ लागत आला आहे. म्हणजे कायदा पाळण्याची इच्छा असलेला नागरिक कायद्यानेच कसूरदार ठरतो! सर्व शासकीय सेवा २०२२ अखेर संगणकावर आणण्याचे जर्मनीने २०१७ च्या कायद्याने ठरवले होते. ती मुदत टळली. त्याच संघातील एस्टोनियात बहुतेक सरकारी कामे घरबसल्या होतात. तेव्हा ‘युरोप’ असा सरसकट उल्लेख करून निकाल देणे धाडसाचे आहे.

फाइलींत आयुष्य घालवलेल्या आपल्या वाचकांना येथील एक भेद चटकन उमजेल. आपल्याकडे नियम थोडे सैल आणि अधिकाऱ्याचा विवेकाधिकार मोठा. तेथे नियम दाट, पण खिडकीमागच्या माणसाला वाकण्यास जागा कमी. पहिल्या पद्धतीत ओळख लागते, दुसरीत कागद. परदेशी विभागाच्या दारात निवास परवान्याची वाट पाहणाऱ्या मराठी अभियंत्याला दुसरी पद्धत सुखाची वाटतेच असे नाही, परंतु उत्तर काय येणार याचा अंदाज तो बांधू शकतो. शिवाय सर्वच नियम नागरिकाला बांधत नाहीत. विमान ऐनवेळी रद्द झाल्यास २५० ते ६०० युरोंपर्यंत भरपाई, २०१७ पासून संघांतर्गत प्रवासात रोमिंगच्या जादा आकारणीला बंदी, २०२४ च्या अखेरीपासून नव्या फोनना एकच चार्जर, ही बंधने कंपन्यांवर आहेत. त्यांची तक्रारही मुख्यतः कंपन्याच करतात.

या नियमांची झळ कोकणालाही बसली आहे. भारतीय मालात फळमाशी आढळल्याने मे २०१४ पासून युरोपने हापूससह आपल्या आंब्यांवर आणि चार भाज्यांवर बंदी घातली. येथे संताप झाला. हा व्यापारी अडथळा असल्याचे म्हटले गेले. पण निर्यातीपूर्वीची प्रक्रिया आणि तपासणी सुधारली, युरोपीय निरीक्षकांनी पाहणी केली आणि जानेवारी २०१५ मध्ये, मुदतीआधीच, आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय झाला. नियम कठोर होता, पण अट पूर्ण होताच दार उघडले, हेही नमूद केले पाहिजे.

आता खुद्द ब्रसेल्समध्येच वारे फिरले आहे. मारिओ द्राघी यांच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालाने नियमांचा बोजा हे युरोपच्या मागे पडण्याचे एक कारण मानले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने उद्योगांचा प्रशासकीय भार २५ टक्क्यांनी, तर लहान उद्योगांचा ३५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट पुढे ठेवले. या कात्रीखाली आले ते प्रामुख्याने कंपन्यांनी पर्यावरण व कामगारांविषयी द्यावयाचे तपशील. बर्लिनच्या त्या रांगेला यातून काही मिळणार नाही. ती ब्रसेल्सच्या अखत्यारीतच नाही.

सीमेवरील कार्बन कराचेही तसेच झाले. जानेवारी २०२६ पासून त्याचा प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. सुलभीकरण म्हणून वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदारांना त्यातून वगळण्यात आले. बहुसंख्य लहान आयातदार यामुळे सुटले; कराच्या कक्षेतील जवळजवळ सर्व उत्सर्जन मात्र कक्षेतच राहिले. जहाज भरून पोलाद पाठवणाऱ्या भारतीय कारखान्याला उत्सर्जनाचा हिशेब द्यावाच लागणार आहे.