भाडेकरूचा हक्क गावाच्या नावावर का ठरावा?

विदर्भातल्या जानेफळच्या बाजारात गाळा भाड्याने घेऊन शिलाई मशीन चालवणाऱ्याला मालक येऊन सांगतो, "पोराले दुकान टाकाचं हाय, पंधरा दिवसांत गाळा खाली कर." भाडं दर महिन्याला रोख दिलेलं; पावती नाही, करारही तोंडी. तो मुकाट्याने मशीन उचलतो. मला त्या मालकापेक्षा सरकारचा संताप जास्त येतो.

महाराष्ट्र १९६० साली एक झाला, भाडेकरू मात्र चाळीस वर्षं तीन कायद्यांत वाटलेले राहिले. मुंबईकडे १९४७ चा भाडे कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा आणि आमच्या विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश. तो आदेश जिथे लागू होता, तिथे भाडे नियंत्रकाच्या लेखी परवानगीशिवाय मालकाला जागा सोडण्याची नोटीसच देता येत नसे. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला आणि ती पायरी गेली.

नव्या कायद्यातलं संरक्षणही भक्कम आहे. भाडं नियमित देणाऱ्याला ठोस कारणाशिवाय काढता येत नाही. भाडं थकलं तरी लेखी नोटिशीनंतर ९० दिवस थांबावं लागतं. पोराला दुकान टाकायचं असेल, तर ती गरज खरी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. वीज-पाणी तोडता येत नाही. पावती देणं आणि करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी.

पण कलम २ वाचा. हा कायदा अनुसूचीतल्या भागांत आणि जिथे जुने भाडे कायदे लागू होते तिथे चालतो. यांपैकी कशातच न बसणाऱ्या गावाला उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यात महिनेवारी भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस पुरते, कारण सांगायची गरज नाही. मुंबईत लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं लढता येतं आणि खेड्यात पंधरवड्यात संसार रस्त्यावर येतो. हा उघड अन्याय आहे.

काही जण म्हणतात, शहरातला नवा भाडेकरूही लीव्ह अँड लायसन्सवरच असतो, मुदत संपली की तोही बाहेर. खरं आहे. पण त्याच्या हातात नोंदलेला करार असतो, जायची तारीख त्याला आधीच ठाऊक असते. आमच्याकडे तेवढंही नाही. मालकांना जागा बळकावली जाण्याची भीती वाटते, तीही मी समजू शकतो. त्यासाठी थकबाकी, नासधूस, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं अशी कारणं कायद्यातच दिली आहेत.

कुलूप ठोकून बाहेर काढलेल्या माणसाने गप्प बसू नये. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागता येतो, गाव कोणतंही असो. पण गाळा गेलेल्या शिंप्याने आधी वकिलाची फी कुठून आणायची?

नव्या गावांना भाडे कायदा लागू करायला विधिमंडळाची गरज नाही. तो अधिकार कायद्यानेच राज्य सरकारला दिला आहे. अधिसूचना काढली की झालं. आठवडी बाजार भरणाऱ्या प्रत्येक गावाला हा कायदा लागू करा. आमदारांनी मतं मागायला येताना ती अधिसूचना हातात घेऊनच यावं.