लौकिकाचा न्याय

२६ मे २०१८ रोजी कीव्ह येथील युरोपीय क्लब फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सर्जिओ रामोस व मोहम्मद सलाह यांचे हात गुंतले आणि दोघेही कोसळले. सलाहचा खांदा दुखावला; तो अश्रू ढाळीत मैदानाबाहेर गेला. पंचांनी शिट्टी वाजविली नाही, परंतु असंख्य प्रेक्षकांनी रामोसला दोषी ठरविले. आडदांड म्हणून त्याचा लौकिकच तसा! उलट, इंग्लंडच्या पॉल स्कोल्सला प्रीमियर लीगमध्ये ९० हून अधिक पिवळी कार्डे मिळाली, तरी चेंडू हिसकावणे त्याला जमतच नाही, असे म्हणून लोक हसत. हेतू डोळ्यांना दिसत नाही. ती उणीव आपण लौकिकाने भरून काढतो. वर्गात खडू भिरकावला गेला, की दृष्टी ठराविक बाकाकडेच वळते. वाचकहो, आम्हांस वाटते, निवाडा कृतीचा व्हावा, नावाचा नव्हे.