नियम कागदावर, माणसे धुरात

६ नोव्हेंबर २०२१. दिवस भाऊबीजेचा. अहमदनगरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता विभागात सकाळी अकराच्या सुमारास आग लागली. तेथे उपचार घेणाऱ्या १७ रुग्णांपैकी ११ जणांचा मृत्यू झाला. हा विभाग जुनाट वास्तूतील नव्हता, कोरोनाकाळातच नव्याने उभारलेला होता. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके आणि २३ एप्रिलला विरारच्या खाजगी रुग्णालयात १५ रुग्ण आगीत दगावले होते. भंडाऱ्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. नगरच्या रुग्णालयाचीही तपासणी झाली होती. तीत दाखविलेल्या उणिवा पूर्णपणे दूर झाल्या नव्हत्या, हे दुर्घटनेनंतर समोर आले.

पुढे नेहमीचा क्रम घडला. चौकशी समिती नेमली गेली, अधिकारी निलंबित झाले, एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. कर्तव्यात कसूर करणाऱ्यास शासन झालेच पाहिजे. परंतु जेथे आग रोखण्याची व्यवस्थाच अपुरी होती, तेथील सारा दोष खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्या पदरात टाकून समाजाला मोकळे होता येईल काय?

सुरक्षितता आराखड्यातच हवी

आगीत बहुतेक बळी ज्वाळांनी नव्हे, धुराने जातात. म्हणूनच राष्ट्रीय इमारत संहितेचा भर आग विझविण्याइतकाच धूर अडविण्यावर आणि माणसाला सुटकेची वाट देण्यावर आहे. १५ मीटर वा त्याहून अधिक उंचीची वास्तू ही संहिता उंच इमारत मानते. परस्परांपासून दूर असलेले जिने, धूर अडविणारी दारे, प्रत्येक मजल्यावर पोहोचणारी पाण्याची उभी वाहिनी, बंबाला वळता येईल एवढी मोकळी जागा आणि २४ मीटरपुढील इमारतींत आश्रयासाठी राखीव जागा, या गोष्टी आराखड्यातच असाव्या लागतात. मागाहून भिंतीवर टांगता येत नाहीत. अतिदक्षता विभागातील रुग्ण तर जिना उतरूच शकत नाही. त्याला खाटेसह त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित कप्प्यात नेता आले पाहिजे. असा कप्पा नसेल, तर परिचारिका कितीही तत्पर असली तरी काय करणार?

लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत १४ जून २०१७ रोजी ७२ जण मृत्युमुखी पडले. बाहेरचे आवरण ज्वालाग्राही आणि उतरायला जिना एकच. समृद्ध देशालाही नियमांतील ढिलाईची किंमत मोजावी लागली. आता तेथे १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना बंधनकारक केला जात आहे.

कौटिल्याचा दंडक

हा विचार परकीय आहे असे कोणी मानू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्यासाठी अग्निनिवारणाचे स्वतंत्र नियम आहेत. घरोघरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, आकडा सज्ज हवा. रस्त्यांवर आणि चौकांत भरलेल्या पात्रांच्या रांगा हव्यात. पेटलेले घर विझविण्यास न धावणाऱ्या घरमालकाला १२ पण दंड, भाडेकऱ्याला ६. निष्काळजीपणाने आग लागल्यास ५४. जबाबदारी राजाची तशीच गृहस्थाचीही, हे त्यामागील तत्त्व.

महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमही तेच सांगतो. यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याचे दायित्व मालकावर वा भोगवटादारावर असून, तसे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. आपल्या सोसायटीने ते शेवटचे केव्हा दिले, हे किती सभासदांना ठाऊक आहे? जिन्यात चपलांचे कपाट, मोकळ्या जागेत वाहने, गच्चीला कुलूप आणि वर्षानुवर्षे न उघडलेली पाण्याची नळी, हे चित्र सुशिक्षितांच्याच वसाहतींत दिसते. २२ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत ताडदेवच्या २० मजली इमारतीत आग लागली, तेव्हा यंत्रणा होती, पण ती चालू स्थितीत नव्हती. घर घेताना फरशी आणि पार्किंग पाहणारे कुटुंब दुसरा जिना कोठे आहे हे विचारत नाही. मग बांधकाम व्यावसायिकाने तरी तो का द्यावा?

एकेकाळी वाड्यांचे असलेले नगर आता सावेडीसारख्या उपनगरांतून उंच होत आहे. शासनाने मंजूर आराखड्याबरहुकूम इमारत उभी राहिली की नाही हे पाहिल्याशिवाय वापराचा दाखला देऊ नये आणि तपासणीत उणीव दिसताच ती दूर करण्याचा निधी व मुदत त्याच वेळी निश्चित करावी. निधीविना केलेली तपासणी ही केवळ मृत्यूची आगाऊ नोंद ठरते.

संघाच्या शताब्दीनिमित्त मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनात नागरिक कर्तव्याचा समावेश आहे. त्याचा आरंभ आपल्याच जिन्यातून व्हावा. कार्यकर्त्यांनी आपल्या वसाहतीत वर्षातून दोनदा सुटकेचा सराव घडवावा, प्रमाणपत्र सूचना फलकावर लावावे, वृद्ध आणि अपंग रहिवाशांची यादी सिद्ध ठेवावी. यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

चौंडीच्या लेकीचे, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव २०२४ मध्ये या नगराला लाभले. अनोळखी वाटसरूच्या सोयीसाठी ज्यांनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या नावाच्या नगरात आश्रयाला आलेला रुग्ण धुरात गुदमरू नये. नामांतर झाले, त्या नावाला साजेशी व्यवस्था उभी करणे अजून बाकी आहे.