गुडघे टेकलेले स्मारक

पडलेल्या जवानांचे स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच आकृती उभी राहते. उंच चौथरा, त्यावर बंदूक घेतलेला शिपाई, खाली संगमरवरी पाटी, आणि त्या पाटीवर मृतांच्या नावांहूनही ठळक अक्षरांत अनावरण करणाऱ्या मंत्रिमहोदयांचे नाव! असे स्मारक मेलेल्यांचे की जिवंतांच्या मिरवणुकीचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे, तेथल्या व आसपासच्या मुलखाला तरी तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. विचारण्यापूर्वी बेल्जममधील एका दफनभूमीकडे पाहावे, असे आम्ही सुचवितो.

व्लाडस्लो हे तिचे ठिकाण. पहिल्या महायुद्धात पडलेले 25,000 हून अधिक जर्मन सैनिक तेथे मातीआड झाले आहेत. त्यांच्यासमोर एक पुरुष आणि एक स्त्री, दगडात कोरलेली, गुडघे टेकून बसली आहेत. पुरुषाने दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरले आहे; स्त्री पुढे वाकली आहे. दोघे एका दगडातही नाहीत. प्रत्येकाचे दुःख वेगळे, चौथरा वेगळा. आणि सैनिक? तो या शिल्पात कोठेच नाही.

केथे कोलविट्झ या जर्मन कलावतीचे हे काम. मूर्तींचे चेहरे तिचे स्वतःचे व तिच्या पतीचे आहेत. 1914 च्या ऑगस्टमध्ये तिचा धाकटा मुलगा पीटर, वय वर्षे 18, लढाईवर जाण्याचा हट्ट धरून बसला. तो अज्ञान असल्यामुळे पित्याची संमती हवी होती. पिता कार्ल हा बर्लिनच्या कामगारवस्तीतला डॉक्टर. त्याने नकार दिला. मुलाने आईला गळ घातली आणि आईने पतीचे मन वळविले. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच डिक्समुइडजवळ पीटर मारला गेला. (त्याच ऑक्टोबरात, तेथून फार दूर नसलेल्या ईप्रच्या आघाडीवर आपले हिंदी शिपाईही परक्या साम्राज्यासाठी उभे होते. त्यांच्या आयांची मूर्ती कोणी घडविली?)

पुढच्याच महिन्यात जर्मन सेनेने पत्रक काढले की तरुण पलटणी देशभक्तीचे गीत गात शत्रूवर तुटून पडल्या. लांगेमार्कची ही कथा पुढे पाठ्यपुस्तकी पुराण बनली आणि नाझींनी तिचे भांडवल केले. सरकारला गाणारे मृत हवे असतात! कोलविट्झने मात्र त्या डिसेंबरातच स्मारकाचा संकल्प केला आणि तो पुरा करावयास तिला 1932 साल उजाडले. आरंभीच्या कल्पनेत मुलाचा देह आडवा पसरलेला होता, त्याच्या उशाशी बाप आणि पायथ्याशी आई. वर्षे जात राहिली, आराखडे मोडले गेले, काम मध्येच टाकून दिले गेले. आणि शेवटी मुलगा शिल्पातून निघून गेला. उरले ते त्याला जाऊ देणारे. आमच्या मते या शिल्पाचे मोठेपण येथे आहे. त्यात शत्रूला शाप नाही, राष्ट्राचा जयघोषही नाही. ज्यांच्या होकाराने पोर गेले ते आपल्या होकाराचा हिशेब देत बसले आहेत.

1933 मध्ये नाझी राजवटीने तिला प्रशियन कला अकादमीतून बाहेर काढले. 1942 मध्ये रशियाच्या आघाडीवर तिचा नातू पडला. त्याचेही नाव पीटरच. त्याच सुमाराच्या तिच्या एका शिलामुद्रित चित्रात म्हातारी आई मुलांना आपल्या पांघरुणाखाली दडवून धरते. बियाणे दळायचे नसते, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. दुष्काळातही बियाण्याचे गाठोडे न सोडणाऱ्या आमच्या कुणब्याला ते समजावून सांगावे लागणार नाही.

याच कलावतीची मृत पुत्राला मांडीवर घेतलेली एक लहानशी मूर्ती 1993 मध्ये जर्मन सरकारने कितीतरी पट मोठी करवून बर्लिनच्या राष्ट्रीय स्मारकात बसविली. युद्धाचे व जुलमी राजवटीचे सारे बळी एकाच ओळीत गोवले, म्हणून तेव्हा वादळ उठले, आणि ते रास्तच होते. मारणारा आणि मारला गेलेला यांना एकाच शोकवस्त्राखाली झाकणे ही सरकारी सोय झाली. घरातले दुःख फुगवून चौकात मांडले की त्याची धार बोथट होते, हेही त्या मूर्तीकडे पाहून आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, असल्या रडव्या मूर्तींनी पोरांचे धैर्य खचेल. हे म्हणणे आम्हांला मुळीच मान्य नाही. सीमेवर उभ्या राहणाऱ्या पोराचे धैर्य चौकातल्या पुतळ्यावर पोसलेले नसते. उलट, युद्धाचा हुकूम सोडणाऱ्यांच्या नजरेसमोर अशी एक आई सदैव बसलेली असणे फार हितावह आहे.

तेव्हा स्मारक-समितीचे सभासद पावतीपुस्तक घेऊन दारी येतील, तेव्हा वाचकांनी वर्गणी अवश्य द्यावी. परंतु देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पाटीवर नावे कोणाची कोरणार? आणि ज्या घरातला जवान गेला, त्या घरी जाऊन त्याच्या आईला काही विचारले काय?