गालिबची पत्रं आणि एक मेल

मागच्या महिन्यात एका तरुण वाचकाने चार गझला पाठवल्या. दोन खरंच चांगल्या होत्या. सोबत त्याने लिहिलं होतं, की डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्यात, पण तो घेत नाही. मन बरं झालं तर लिहिणं संपेल, अशी भीती त्याला वाटते. शेवटी प्रश्न होता : ‘गालिबने कुठे घेतल्या होत्या गोळ्या?’

मी त्याच दिवशी त्याला फोन केला. आता तो पुन्हा डॉक्टरांकडे जातो आहे, आणि हे त्याला विचारूनच लिहितो आहे. कारण हा समज त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर दर्दभरे शेर असतात (त्यातले निम्मे गालिबचे नसतातच!) आणि जखम जपली की शायरी येते, असं आपण धरून चालतो.

गालिबने सोसलं नाही, असं कोण म्हणेल? पाच वर्षांचा असताना वडील गेले, पुढे काही वर्षांत सांभाळणारे चुलतेही गेले. सात मुलं झाली, एकही जगलं नाही. 1847 मध्ये जुगाराच्या खटल्यात तुरुंग झाला. बायकोचा भाचा आरिफ, ज्याला मुलासारखं मानलं, तो 1852 मध्ये ऐन तारुण्यात वारला. त्याच्यावरच्या गझलेत गालिब त्या गेलेल्या पोराशी चक्क भांडतो. इथवर माझ्या तरुण मित्राचं म्हणणं बरोबर वाटतं.

पण 1857 पाहा. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली घेतली आणि शहर रिकामं केलं. गालिब बल्लीमारानमधल्या घरात अडकला. गल्लीतल्या हकिमांच्या रक्षणासाठी पतियाळाच्या महाराजांचे शिपाई होते, म्हणून वाचला. ऑक्टोबरात मनोरुग्ण धाकटा भाऊ यूसुफ वारला. कफनाला कापड मिळेना. घरातल्या चादरींत गुंडाळून जवळच्या मशिदीत त्याला दफन केलं. पेन्शन बंद होती. घरातले कपडे विकून पोट भरलं. मित्रांपैकी सहबाईंना गोळी घातली गेली, फज्ले-हक खैराबादींना अंदमानला पाठवलं, ते तिथेच वारले.

एवढं दुःख, मग गझलांचा पूर यायला हवा होता. झालं उलटंच. उर्दू गझल जवळजवळ थांबली. दीवान तर 1841 मध्येच छापून झाला होता, आणि त्यातल्या कितीतरी गझला पंचविशीच्या आतल्या.

त्या काळात गालिबने लिहिली ती पत्रं. फारसी सोडून उर्दूत पत्रं लिहायला तो काही वर्षं आधीच लागला होता. पण आता दिल्लीत बोलायला माणूसच उरला नव्हता. मग तफ्ता, मजरूह अशा दूरच्या शागिर्दांशी तो कागदावर गप्पा मारू लागला. कोण जिवंत आहे, कुठला मोहल्ला पाडला, पाऊस कसा आहे, उत्तराला उशीर का केला! रडगाणं फार कमी, थट्टा पुष्कळ, तीही बहुतेक स्वतःची. उर्दू गद्याला बोलतं करणाऱ्यांत ही पत्रं फार वर आहेत. मला स्वतःला ती काही गझलांपेक्षाही जवळची वाटतात.

ती दुःखातून आली, हे खरंच. पण दुःख कुरवाळत बसून आली नाहीत. दुसऱ्या माणसापर्यंत पोचायच्या धडपडीतून आली. आणि त्या मेलबद्दल म्हणाल, तर माझ्या मित्राने नकळत तेच केलं होतं. गझलांच्या निमित्ताने त्याने कुणाला तरी हाक मारली होती.

हाली सांगतात, की मृत्यूच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारी 1869 मध्ये, ते भेटायला गेले तेव्हा गालिब बराच वेळ बेशुद्ध होता. शुद्धीवर आला, आणि लोहारूच्या अलाउद्दीन खानांचं पत्र आलं होतं, त्याचं उत्तर सांगून लिहवून घेऊ लागला.